दोन ग्रॅम

"हे नाणं सुईवर कोणी चिकटवलं?" रेकॉर्ड वाजवायचं टर्नटेबल दुरुस्त करणाऱ्या बाईंनी विचारलं.

वजनकाटे तपासण्यात छत्तीस वर्षं घालवून निवृत्त झालेल्या त्या गृहस्थाला चोरी पकडल्यासारखं झालं. "मीच. सुई उड्या मारायची. म्हटलं, जरा भार द्यावा."

"किती वर्षं झाली?"

"अकरा."

बाईंनी नाणं सोडवून छोट्या काट्यावर टाकलं. सहा ग्रॅम. "सुईला दोन पुरतात, काका. हे सहा त्याच्या वर. अकरा वर्षं गाणं खरवडताय तुम्ही."

आता बोला! भाजीवाल्यापासून सराफापर्यंत साऱ्यांचे काटे ज्याने तपासले, एकेका ग्रॅमवरून ज्याने लोकांशी हुज्जत घातली, त्याने हे नाणं कधी तोलून पाहिलं नव्हतं. घरात रेकॉर्ड एकच होती, आणि तिच्यात त्याची थोरली बहीण, ताई, गात होती. घशाच्या ऑपरेशननंतर ताईचा आवाज कायमचा गेला. उरला तो एवढाच. 'गाणं पुसट होत चाललंय', ताई पाटीवर लिहायची. तो म्हणायचा, "तुझे कान म्हातारे झालेत."

"काही शिल्लक असेल का हो त्यात?"

"खाचेच्या तळाशी असेल. बारीक सुई लावू. पण तिला साजेसा आर्म हवा."

सुई जिच्या टोकाला बसते ती दांडी म्हणजे आर्म. बाईंनी दोन आर्म स्टँडवर चढवून समतोल केले. एक नवाकोरा, जाडजूड, चकचकीत. दुसरा जुना, काडीसारखा. तो नीट बघायला वाकला, तर जुना आर्म हळूच बाजूला सरकला. नवा जागचा हलला नाही. त्याने श्वास रोखला, जुना थांबला. श्वास सोडला, पुन्हा सरकला. सोनं तोलणारे काटे हाताळलेला माणूस, पण तो थक्क झाला.

"हाच द्या."

"नाजूक आहे. जपावा लागेल."

"जपेन." त्याने खिशातलं आपलं दोन ग्रॅमचं वजन काढून तळहातावर ठेवलं. ठेवल्याचं जाणवलंसुद्धा नाही. "एवढ्याशा भारावर अख्खं गाणं?"

"एवढ्याशावरच."

घरी ताई खिडकीजवळच्या खुर्चीत होती. त्याने सुई टेकवली. गाण्याआधी असं काही ऐकू आलं, जे त्याने आजवर ऐकलंच नव्हतं. ताईने घेतलेला श्वास. छातीभर, तरुण. मग आवाज आला, मध्येमध्ये खरखरणारा, पण तिचाच. ताईचा हात गळ्यावरच्या रुमालाकडे गेला.

गाणं संपल्यावर त्याने ते नाणं तिच्या हातात ठेवलं. "तुझे कान चांगले आहेत, ताई. चूक माझी होती. हे मी ठेवलं होतं सुईवर."

ताईने नाणं उलटसुलट करून पाहिलं, मुठीत धरलं. मग पाटीवर लिहिलं, 'पुन्हा.'

त्याने आर्म उचलून सुरुवातीला आणला. रेकॉर्डमधल्या ताईने श्वास घेतला, आणि त्याच क्षणी खुर्चीतली ताईही ताठ बसून श्वास घेताना त्याला दिसली. तिचे ओठ हलू लागले. तो आर्मजवळ वाकून उभा होता. आर्म हलू नये म्हणून त्याने स्वतःचा श्वास तेवढा रोखून धरला.