मोजपट्टीची तक्रार

माझी धाकटी बहीण बोटीवर स्वयंपाक करते. त्या संध्याकाळी तिची बोट सुटणार होती आणि मग कित्येक आठवडे ना किनारा, ना डॉक्टर. दोन दिवस तिला थंडी वाजून ताप येत होता आणि ती तापाच्या गोळ्या पोटात ढकलत होती. "ताई, मलेरिया नाही एवढं सांग, मी सुटले," असं म्हणून ती माझ्या लॅबच्या बाकड्यावर बॅग मांडीत घेऊन बसली.

रक्त तपासणं हे माझं काम. आमची पद्धत अशी, की जंतू शोधायचे आणि पांढऱ्या पेशी नुसत्या मोजायच्या, म्हणजे इतक्या पेशींमागे इतके जंतू असा हिशेब लागतो. त्या पेशींचं तोंड कोण बघतंय? मोजपट्टी मोजायलाच असते.

तिच्या रक्ताची काचपट्टी रंगवली, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. जंतू एकही नाही. तसं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात खालून आवाज आला.

"मोजलंस आणि सटकलीस पुढे?"

जांभळी रंगवलेली एक पांढरी पेशी, रुसलेल्या आत्यासारखी फुगून बसली होती.

"तू मेलेली आहेस," मी म्हणाले. "मीच रंगवलंय तुला."

"म्हणून काय गप्प बसू? डास चावला तसे हे नतद्रष्ट यकृतात जाऊन लपले. तिथल्या पेशींनी बोंबाबोंब केली, कोणी ऐकलं? मग बाहेर पडून तांबड्या पेशींत घुसले. ओळख ना पाळख, तरी आम्ही दिसेल त्याला गिळलं. त्यांना चटके बसावेत म्हणून अंगात ताप पेटवला, तर ही तुझी बहीण गोळ्या खाऊन विझवतेय!"

"कशावरून?" मी खेकसले. मेलेल्यांशी हुज्जत घालतानासुद्धा मला पुरावा लागतो.

"माझ्या पोटात बघ की, बये!"

बघितलं. पोटात तपकिरी-काळे कण होते. जंतू तांबड्या पेशी पोखरून जी घाण मागे टाकतात, तीच. मी पुन्हा पहिल्यापासून शोधायला लागले. आता सगळ्याच पेशींना कंठ फुटला होता. "डावीकडे गं! अजून डावीकडे! आंधळी आहे का ही?" अगदी कडेच्या एका तांबड्या पेशीत जंतू सापडला, बारीक अंगठीसारखा.

बहिणीला सांगितलं तशी ती भडकली. "बोट चुकणार माझी! कुणी सांगितलं होतं तुला इतकं उकरायला?"

"तुझ्या रक्तातल्याच एका पेशीनं. मेल्यावरसुद्धा तुझ्यासाठी भांडत होती."

मला वाटलं, आता ही मला वेड्यात काढणार. काढू दे. भर समुद्रात हिला काही झालं असतं, या विचारानं माझं डोकं बधिर झालं होतं.

ती हसली नाही. बॅग खाली ठेवली आणि आपल्याच तापलेल्या मनगटावर हात ठेवला. मग उठलीच.

"चल डॉक्टरकडे. एकट्या किती लढतील गं त्या?"