दुकानातली पाच वर्षं

अर्ज एका पानात बसवा, असं जाहिरातीत बजावलं होतं आणि तिचा दीड पानावर गेला होता. कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनच्या दुरुस्ती विभागाला प्रमुख हवा होता. अट होती हातानं दुरुस्ती केल्याच्या दहा वर्षांच्या अनुभवाची. आधीची कंपनी बंद पडल्यापासून ती चार महिने घरी बसून होती. त्या कंपनीतली सात वर्षं आणि त्याआधीची वडिलांच्या दुकानातली पाच, म्हणजे हिशेब सरळ होता. तरी दादा तिच्या खुर्चीमागे उभा राहून नेमकी दुकानाचीच ओळ खोडायला सांगत होता.

सुरुवातीची कामं सगळेच गाळतात, असं त्याचं म्हणणं. शिवाय बापाचं दुकान म्हणजे काही नोकरी नव्हे. घरच्या घरात केलेली लुडबुड कुणी अनुभवात धरत नाही. तो मशीन विकणाऱ्या कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होता. या कारखान्याला मशीनं त्याच्याकडूनच जात आणि तिथल्या मॅनेजरशी त्याचं गूळपीठ होतं.

"सातच लिही," तो म्हणाला. "बाकीचं मी बोलतो."

दादा कुणासाठी शब्द टाकायचा तर आधी आठवडाभर विचार करायचा. आज तो न मागता टाकत होता. खरं तर तिथेच शंकेची पाल चुकचुकायला हवी होती, पण चार महिने घरी बसलेल्या माणसाला पाली ऐकू येत नाहीत.

लुडबुड हा शब्द मात्र तिला लागला. दुकान म्हणजे एक अरुंद खोली, एक बाक आणि दोन स्टुलं. एक बाबांचं, दुसरं मदतनिसाचं. शाळा संपल्यावर ती त्या दुसऱ्या स्टुलावर बसली ती पाच वर्षं. पट्टे बदलायचे, अडकलेला दोरा चिमट्यानं काढायचा, गंजलेला स्क्रू तेल सोडून दिवसभर मुरत ठेवायचा. गिऱ्हाइकं सुरुवातीला "बाबा कुठेत?" म्हणून विचारायची. पुढे पुढे बाबा समोर असले तरी मशीन तिच्याच पुढ्यात ठेवू लागली. दादा तेव्हा कॉलेजात होता आणि शर्टाला डाग पडेल म्हणून दुकानाची पायरी चढत नसे.

ओळ खोडायला तिचा हात होईना. बाबा पलंगावर पेपर वाचत पडले होते. त्यांना हल्ली कमी ऐकू येई, पण तेही सोयीप्रमाणे. दुकानाच्या लेटरहेडवर अनुभवाचा दाखला द्याल का, असं तिनं त्यांना विचारलं.

बाबांनी पेपर खाली घेतला नाही. "तो दिलाय मी," ते म्हणाले. "दादाला."

मग एकेक बाहेर आलं. दादाच्या पहिल्या नोकरीला अनुभवी माणूस हवा होता, म्हणून बाबांनी त्याला दाखला लिहून दिला होता. तेच दुकान आणि तिचीच पाच वर्षं. बापाच्या बाकावर हात काळे करून शिकलो, हे दादा तेव्हापासून गिऱ्हाइकांना सांगत आला होता. कारखान्याच्या मॅनेजरला तर ते तोंडपाठ होतं, आणि तिचा अर्ज त्याच्याच टेबलावर जाणार होता.

तिला राग आला. दादाचा आला, पण बाबांचा जास्त आला. दादानं नुसतं मागितलं होतं. बाबा तो कागद लिहीत होते तेव्हा ती तिथेच, हातभर अंतरावर, कुणाचं तरी मशीन उघडून बसलेली असणार.

"मुलाखतीत काही विचारलं नाही तुला?" तिनं विचारलं.

"विचारलं," दादा म्हणाला. "टाका सुटत असेल तर आधी काय बघाल."

"मग?"

"मशीनला हात लावायच्या आधी सुई बघायची. नव्वद टक्के वेळा सुईच चुकीची बसलेली असते." तो म्हणाला. "तू जेवताना सांगायचीस ते."

त्या उत्तरावर त्याला नोकरी लागली होती. तिला या गोष्टीचा क्षणभर अभिमान वाटला आणि त्या अभिमानाची लगेच चीडही आली. तिनं दीड पानाचं एक पान केलं. छंद काढले, भाषा काढल्या, संगणकाचा तीन महिन्यांचा कोर्स काढला. दुकानाची ओळ ठेवली.

"मॅनेजरला मी काय सांगू आता?" दादानं विचारलं.

"बहिणीकडून शिकलो म्हणून सांग. शिकलासच की."

बाबांनी पेपरची घडी केली, उठून बसले आणि तिला कपाटातून जुनं लेटरहेड काढायला लावलं. तिचं पूर्ण नाव त्यांनी सावकाश लिहिलं. मग पेन थांबलं. कुठल्या तारखेपासून, ते त्यांना आठवेना. तिलाही नक्की सांगता येईना.

तारीख दादानं सांगितली. दिवस, महिना, वर्ष. त्याला ती पाठ होती.