ओटा किती पावलांचा

चारुलताबाईंची शाळा तळोद्याहून जीपने दीड तास वर, डोंगरात. दुसऱ्या गुरुजींची बदली झाल्यापासून शिक्षिका त्याच आणि मुख्याध्यापकही त्याच. पाठाचं टाचण लिहायचं, खाली शिक्षकाची सही ठोकायची आणि शेजारी मुख्याध्यापकाचीही. शाबासकीसुद्धा आपली आपणच द्यायची, दुसरं कोण देणार?

म्हणून केंद्रप्रमुख गिरधर सर गुरुवारी पाठ बघायला येणार म्हटल्यावर बाई हरखल्या. सहा महिन्यांत त्यांचा एकही पाठ कुणा मोठ्या माणसानं पाहिला नव्हता. कुणीतरी मागे बसून बघावं आणि शेवटी 'छान झाला' म्हणावं, एवढीच त्यांची भूक. तिसरीची अध्ययन निष्पत्ती, म्हणजे पाठातून मुलांना जे यायला हवं ते, होती लांबी मोजण्याची. बाईंनी टाचण तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा लिहिलं: मुलं शाळेचा ओटा पावलांनी मोजतील, उत्तरं वेगवेगळी येतील, आणि सगळ्यांना एकच माप हवं हे मुलंच सांगतील.

गुरुवारी सकाळी सरांचा फोन आला, त्यांच्या अहिराणीत. "आज येवाले जमाव नही, मॅडम. मीटिंग शे. पाठना फोटो टाकी द्या ग्रुपवर."

सर येणार नाहीत म्हटल्यावर बाईंचं तोंड एवढंसं झालं. पण मुलं तयार बसली होती, पाठ तर घ्यायलाच हवा. उंच नवलसिंगची अठरा पावलं भरली, चिमुरड्या रुपाची सत्तावीस. मग जे भांडण जुंपलं! एरवी वर्गात तोंड न उघडणारी रुपा आपल्या घरच्या पावरी बोलीत तावातावानं बोलू लागली. धावत जाऊन तिनं अंगणातून बांबूची काठी आणली, नवलसिंगच्या हातात कोंबली आणि चक्क मराठीत म्हणाली, "सगळ्यांनी हिनंच मोजा!"

बाईंच्या अंगावर काटा आला. टाचणात लिहिलेलं जसंच्या तसं घडलं होतं. 'बघितलंत?' म्हणून त्या मागे वळल्या, तर सरांसाठी पुसून ठेवलेली खुर्ची तेवढी होती. इतकं एकटं त्यांना गुरुजींची बदली झाली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

काठीने ओटा मोजणाऱ्या मुलांचा फोटो काढून त्यांनी ग्रुपवर टाकला. शाळा सुटल्यावर सरांचा मेसेज आला: "फोटोत शिक्षक दिसत नाहीत. मॅडम शाळेवर हजर होत्या का?"

बाईंनी तो दोनदा वाचला. मग लिहिलं, "हजर होते, सर. फोटो काढायला दुसरं कुणी नव्हतं."

सरांकडून नुसता अंगठा आला. आता मात्र बाईंना रडू आवरेना.