गोजरबाईनं पिरगाळलेलं बोट

मी रुमाल बोलतोय. नाक पुसायचा नव्हे, गुरांच्या बाजारातला. शेगावच्या एका दुकानातून रंगराव दलालानं मला घेतलं आणि खांद्यावर टाकलं. बाजार कोणत्या गावचा ते सांगत नाही, कोर्टात केस चालू आहे.

बैलाचा भाव आमच्याकडे तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि दलाल माझ्याखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं धरतात. एक बोट धरलं तर एक हजार, दोन धरली तर दोन. बघणाऱ्याला नुसतं कापड हललेलं दिसतं.

बाजार उठला की रंगराव आणि त्याचा मेव्हणा निवृत्ती छायाच्या चहाटपरीवर भांडायचे. निवृत्ती जुना लाल झेंडेवाला.

"समदं सरकारच्या हाती पायजे. रशियात कोणी बेकार नव्हतं."

"भाकरीसाठी रांगा होत्या बे तिथं. अमेरिकेत पाय, ज्याले जे विकायचं ते विकते."

"अन् दवाखान्याचं बिल पाहूनच मरते."

छाया कप विसळत म्हणायची, "त्या डेन्मार्कात सरकार अर्धी कमाई घेते म्हणे, तरी लोक बोंबलत नाहीत. काऊन?"

दोघं पुन्हा आपापलंच रेटायचे. एकदा याच वादात रंगरावानं स्टूल हाणलं, निवृत्तीचे दोन दात पडले. रक्त मीच पुसलं. पुढच्या बाजाराला दोघं पुन्हा एकाच बाकड्यावर.

पण एका गोष्टीवर दोघंही मूग गिळून बसायचे. बाजाराचा सरकारी साहेब पावती द्यायच्या आधी माझ्याखाली हात घालायचा, कारण पावतीशिवाय जनावर फाटकाबाहेर जात नाही. मऊ हात, कापलेली नखं. मला किळस यायची. लाल झेंडा काय आणि मोकळा बाजार काय, त्या हातापुढे दोघांचीही मान खाली.

गेल्या उन्हाळ्यात गोजरबाई बैलजोडी विकायला घेऊन आली. नवरा वारला होता. तिला स्वतःची पिठाची गिरणी टाकायची होती, आणि गिरणी विकणारा त्या दिवसापुरताच थांबणार होता. जोडीचा सौदा झाला, पण साहेबानं पावती अडवली.

"रंगराव, बाईला समजावून सांगा."

"बायामाणसाचा हात रुमालाखाली जात नाही सायेब. मी बोलतो तिच्या वतीनं."

गोजरबाईनं मला त्याच्या खांद्यावरून ओढलं. "कायले? घाला हात सायेब."

साहेब हसला. हात आत आला आणि त्यानं तिची चार बोटं धरली. तिनं झटक्यात त्याचंच एक बोट मुठीत पकडलं.

"रंगराव, काढा रुमाल."

रंगराव हलला नाही. निवृत्तीनं मला उचललं, आणि अख्ख्या बाजारानं तो हात उन्हात पाहिला.

"सांगा सायेब, हे चार हजार कायचे?"

साहेबानं दुसऱ्या हातानं तिच्या थोबाडीत मारली. तिचा ओठ फाटला. तिनं बोट पिरगाळलं. कडकन आवाज झाला, हाड कातडीबाहेर आलं. मग बाजार तुटून पडला. लाथा, काठ्या, बैल हाकायच्या आरा. साहेब शेणात लोळत आईला हाका मारत होता. खरं सांगतो, मला बरं वाटलं, आणि लगेच भीतीही वाटली.

"मारू नका त्याले," गोजरबाई ओरडली. "सही पायजे मले."

तिनं मला टर्रकन फाडून अर्ध्या तुकड्यानं त्याचा हात बांधला. त्याचं रक्त माझ्या दोन्ही तुकड्यांना लागलं. उजवा हात चालेना, म्हणून साहेबानं डाव्या हातानं सही केली.

सरकारी माणसावर हात उचलला म्हणून पोलिसांनी तिला नेलं. तोवर तिच्या पैशानं निवृत्तीनं गिरणी टेम्पोत चढवली होती.

आता गोजरबाई जामिनावर आहे. माझा उरलेला अर्धा भाग तिच्या गिरणीत खिळ्याला लटकतो. दळणाचा भाव दारावरच्या पाटीवर खडूनं लिहिलेला असतो. बाजारात मात्र रंगरावानं नवा रुमाल घेतला, आणि साहेब म्हणे आता डावा हात पुढे करतो.

परवा कुठल्याशा कचेरीतला माणूस गव्हाचा डबा घेऊन आला. "बाई, तुमच्या परवान्याचं जरा पाहावं लागते," म्हणत घुटमळला. गोजरबाईनं मला खिळ्यावरून काढलं, पीठ झटकलं आणि आपल्या हातावर पसरलं.

"घाला हात."

त्यानं माझ्यावरचा काळा पडलेला डाग पाहिला. मग पाटी वाचून दळणाचे पैसे मोजले आणि डबा उचलून गेला.

बाई मला साबण लावीन म्हणते. कोणी तिकडून गेलात तर तेवढं सांगा तिला, बाकी धू, पण हा डाग राहू दे.