टीव्हीचा पट्टा

भिंगरी चौदा महिन्यांची झाली आणि घरातली एकही वस्तू तिच्या तावडीतून सुटेना. चालायला शिकते न शिकते तोच पोरगी चढायला शिकली.

आप्पा, म्हणजे तिचे आजोबा, मात्र निर्धास्त होते. पस्तीस वर्षं टीव्ही दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. घरातली वायर न् वायर त्यांच्या अखत्यारीत. नात रांगायला लागली त्याच आठवड्यात त्यांनी खालच्या सगळ्या सॉकेटना झाकणं बसवली, वायरी गुंडाळून कपाटामागे सारल्या आणि सेल तोंडात जायला नकोत म्हणून रिमोटचं झाकण स्क्रूनं पक्कं केलं. "आता काय बिशाद आहे तिची!" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

त्यांची सून, म्हणजे भिंगरीची आई, प्रवासाच्या सॅक शिवणाऱ्या कारखान्यात मशीनवर होती. खांद्याचे पट्टे शिवणं हे तिचं काम. एका संध्याकाळी ती घरी आली, दारात चपला काढताना तिनं सहज समोर बघितलं. भिंगरीनं टीव्हीखालचा खण ओढला होता, त्यात उभी राहून दोन्ही हातांनी टीव्हीची कड धरली होती, आणि दोन बारक्या पायांवरचा तो भलामोठा टीव्ही तिच्या अंगावर कलत होता. एक चप्पल पायात तशीच ठेवून ती धावली. एका हातानं टीव्ही सावरला, दुसऱ्या हातानं पोरगी.

आप्पा दुधाची बाटली घेऊन स्वयंपाकघरातून आले आणि जागच्या जागी थिजले.

"मी फक्त बाटली धुवायला गेलो होतो गं..."

"मी घरात असते तरी हेच झालं असतं, आप्पा. टीव्ही भिंतीला बांधायला हवा."

"बांधायचा? म्हैस आहे का ती?" घाबरलेला माणूस चटकन चिडतो, तसे ते चिडले. "कंपनीनं पाय दिलेत ते काय शोभेला?"

सुनेनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं सुपरवायझरकडून सगळ्यात जाड पट्ट्याचे उरलेले तुकडे मागून घेतले. टोक दुमडून त्यावर चौकोन, चौकोनात फुली, आणि त्याच रेषेवर पुन्हा एकदा शिवण. अकरा वर्षांत असे हजारो पट्टे तिच्या हाताखालून गेले होते. पण एवढ्या वेळा ओढून पाहिलेला एकही नव्हता.

आप्पांनी चष्मा लावून पट्टा उलटसुलट बघितला. पाय अडकवून दोन्ही हातांनी हिसडा दिला. "शिवण बरी आहे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे खूप झालं. मग टीव्हीच्या मागची स्क्रूची भोकं त्यांनीच शोधली, जुन्या डब्यातून नेमक्या मापाचे स्क्रू काढले आणि भिंतीत भोक पाडून पट्ट्याचं दुसरं टोक स्क्रूनं बसवलं.

"थांबा, आधी मला बघू दे." सुनेनं पट्टा हाताला गुंडाळून सगळा भार टाकला, तर मूठभर गिलाव्यासकट स्क्रू बाहेर! आप्पांचा चेहरा उतरला. तिनं स्वयंपाकघरातून आमटीचा डाव आणला आणि त्याच्या दांड्यानं भिंत ठोकत गेली. पोकळ, पोकळ, मग भरीव. "इथे पाडा." या वेळी लांब स्क्रू आणि तो धरून ठेवायला भोकात मोठी गुट्टी. दोघांनी मिळून ओढलं. भिंत हूं की चूं करेना. खणालाही तिनं एक पट्टी लावून टाकली.

रविवारी सकाळी सगळे चहा घेत बसले होते. आप्पांचा जुना दुकानदार मित्र आलेला. खण उघडत नाही म्हटल्यावर भिंगरीनं खेळण्यांचा डबा ढकलत नेला, त्यावर चढली आणि कोणी उठायच्या आत टीव्हीला लोंबकळलीच. तिचा बाप कप टाकून धावला. टीव्ही दोन बोटं पुढे झुकला आणि थांबला. पोरीनं ओढून पाहिलं, पाय आपटले, आणि टीव्ही येत नाही म्हणून भोकाड पसरलं. बापानं तिला छातीशी घट्ट धरलं.

मित्रानं टीव्हीच्या मागे डोकावून बघितलं. "हे पक्कं काम कुणाचं? तुझं?"

"माझं कसलं?" आप्पांनी छाती काढून सांगितलं. "आमच्या सूनबाईचं! पट्टाही तिचा आणि जागाही तिनंच हेरली. मी चुकीच्या ठिकाणी भोक पाडून बसलो होतो."

उभ्या जन्मात टीव्हीच्या कामातली चूक त्यांनी कुणापुढे कबूल केली नव्हती. सून स्वयंपाकघराच्या दारात ऐकत उभी होती. तिचे डोळे भरून आले, पण मान ताठ होती.

"माझ्या घरी जुळी आहेत," मित्र म्हणाला. "आम्हालाही असा एक द्या की."

"देऊ ना. पट्टा ती शिवेल, भोक मी पाडीन."

"आणि कुठे पाडायचं ते मी सांगेन," सून म्हणाली.

"ते तर आलंच," म्हणून आप्पा खो खो हसले आणि मित्राच्या भिंतींची चौकशी करायला लागले.