थरथरतंय कोण?

मी एक जुना इन्क्युबेटर आहे, मित्रांनो. म्हणजे ऊब देणारं कपाट. प्रयोगशाळेत भिंतीला खेटून उभा असतो. माझी ऊब माणसाच्या पोटाइतकी. ती जराशी जरी घसरली तरी माझा जीव टांगणीला लागतो. नवा होतो तेव्हा काय तो थाट! माझ्या उबेत वाढलेल्या पेशी एका ओळीत ठेवल्या असत्या, तर चंद्राला वेढा पडला असता. बरं, अर्धा वेढा धरा.

आता माझा पंखा म्हातारा झालाय. तो फिरू लागला की थंडीत दात वाजावेत तसा मी थरथरतो.

सध्या माझ्या पोटात आतड्याच्या चेतापेशी वाढतात. आतडं अन्न पुढे ढकलतं ते यांच्या इशाऱ्यावर. संशोधक ताईंच्या भाचीच्या आतड्याच्या टोकाला या पेशी जन्मतःच नव्हत्या. तेवढा तुकडा कापावा लागला. पुढच्या लेकरांना कापाकापीऐवजी पेशीच देता येतील का, या विचाराने ताईंना चैन नाही. त्यांना नाही, म्हणून मलाही नाही.

एका सकाळी माझ्या आतल्या कॅमेऱ्यात ताईंनी या पेशी घातलेला बशीतला स्नायूचा तुकडा आकसताना दिसला. सैलावला, पुन्हा आकसला. ताई किंचाळल्याच!

प्रयोगशाळेचे मोठे सर धावत आले. डोळे बारीक करून म्हणाले, "अहो ताई, तुमचं हे डबडं थरथरतंय! त्याच्याबरोबर बशी हलतेय. द्या हे भंगारात, आणि हा प्रयोगही पुरे आता."

खरंच मीच हलवलं असेल तर? पंखा आवरायला गेलो, पण तो कसला ऐकतोय!

"सर, शेजारच्या बशीतही तसाच स्नायू आहे," ताई म्हणाल्या. "फक्त त्यात चेतापेशी घातलेल्या नाहीत. डबड्यामुळे हलत असेल, तर तो का नाही नाचत?"

सरांनी कॅमेरा तिकडे वळवला. मी थरथरतच होतो. तो तुकडा मात्र रुसून बसल्यासारखा ढिम्म!

सरांनी पहिली बशी पुन्हा पाहिली. मग पुटपुटले, "म्हाताऱ्याला नवा पंखा बसवून घ्या."

ताईंनी लगेच भाचीला फोन लावला.

"आत्या, म्हणजे औषध सापडलं?"

"नाही गं राणी, अजून खूप लांब आहे. पण ते हललं!"

तेव्हापासून जो तो येतो आणि माझं दार उघडून डोकावतो. मित्रांनो, जरूर डोकावा, पण दार लगेच लावा. आतली पोरं कोवळी आहेत, आणि त्यांना फार लांब जायचंय.