टाकीमागचं घुबड

"उंदरांचं औषध नको ठेवू गो. ते घुबड काय खाईल मंग?" दारात मासळीची पाटी उतरवता उतरवता येसूबाई म्हणाली होती.

अमिता हसली. वाशीगावातून येणाऱ्या या कोळणीला साऱ्या बिल्डिंगची काळजी!

"मावशी, मनस्वी रांगायला लागलीय. काल दुधाच्या बाटलीजवळ लेंड्या होत्या."

"मंग पिंजरा लाव ना. माज्याकडं हाय."

"आणि उंदीर लांब नेऊन कोण सोडणार?"

"मी सोडीन. तुजा नवरा तर नाय सोडायचा!"

तरी अमिताने खिडकीबाहेरच्या पाइपांच्या डक्टमध्ये विषाच्या वड्या ठेवल्याच. आठवड्यात उंदीर दिसेनासे झाले. तिने मोठ्या उत्साहाने सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला, 'एकदम जालीम! सगळ्यांनी ठेवा.'

गच्चीवरच्या टाकीमागे गव्हाणी घुबडांची जोडी राहायची. तिन्हीसांजेला स्वयंपाकघराच्या खिडकीतून आधी पांढरा चेहरा दिसायचा, मग आवाज न करणारे पंख. मनस्वी बोट दाखवून म्हणायची, "ऊ!"

त्यातलं एक परवा डक्टमधल्या पाइपांवर पडलेलं दिसलं. पंख पसरलेले, चोचीशी रक्त. अमिताने डायपरच्या खोक्यात फडकं घालून त्याला ठेवलं, पक्ष्यांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"उंदरांना औषध घातलं होतं का? तसले उंदीर खाऊन पक्षीही मरतात."

तिने घाईघाईने पत्ता सांगितला.

डॉक्टर पोहोचले तोवर ते थंडगार पडलं होतं. "मादी होती," एवढंच ते म्हणाले. येसूबाईने खोक्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

"वर पिल्लं हायेत गो तिची."

अमिताने हातमोजे घालून वड्या काढल्या, पाइपांभोवतीच्या भोकांना जाळी ठोकली, येसूबाईचा पिंजरा लावला. आपल्या घरापुरतं एका दुपारीत झालं. मग दारोदार फिरली. बरीच दारं बंद. ज्यांनी उघडलं त्यांतल्या एकीने सुनावलं, "ताई, तुम्हीच तर सांगितलं होतं!"

आज तिन्हीसांजेला ती मनस्वीला कडेवर घेऊन खिडकीत उभी राहिली. टाकीमागून भुकेल्या पिल्लांची फुसफुस येत होती, थांबत होती, पुन्हा येत होती. मनस्वीचं बोट वरच.

"ऊ?"

अंधारलं तरी नर आला नाही. अमिताने एका हाताने ग्रुपवर लिहिलं:

'चूक माझी होती. कृपा करून वड्या आत्ताच काढा, हातमोजे घालून. पिल्लांना भरवणारा आता एकटा नरच उरलाय आणि तो अजून आलेला नाही. आमच्या खिडकीतून अर्धाच डक्ट दिसतो. तुमच्या बाजूला तो कुठे पडलाय का, जरा बघाल?'